बाबांचा वर्कआऊट

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं आहे हे बाबांनी दवाखान्यात शिरताशिरताच सांगून टाकलं, म्हणून डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. "युवर फादर इज आऊट ऑफ शेप." मी मान डोलावली, पण कळलं काहीच नाही. बाबांचा आकार तर होता तसाच होता. रुंद छाती, आणि बांबूच्या मोळ्या वाहून उजव्या खांद्यावर उठलेला टणक गोळा. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू उचलण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि आता हृदय कुरकुरायला लागलं होतं. ओझं बंद, पण रोज सकाळी व्यायाम म्हणून चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. नाही चालले तर? याचं उत्तर मात्र त्यांनी मराठीत दिलं. "मग फार दिवस नाहीत." बाबा तेव्हा बाहेर चपला घालत होते.

मी घाबरून घरी आले आणि चंद्रपूरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं व्यायामाचं परदेशी मासिक काढून बसले. ऐंशीचं दशक होतं, तिकडे व्यायामाचं वेड पसरलं होतं म्हणे. 'फिट ॲज अ फिडल' म्हणजे सारंगीसारखा ठणठणीत. सारंगी आजारी पडत नाही म्हणून? 'काऊच पोटॅटो' म्हणजे कोचावर लोळणारा बटाटा. आमच्याकडे कोचच नव्हता. 'फील द बर्न' म्हणजे अंगाची आग होईस्तोवर मेहनत करा. बाबांच्या छातीत आधीच जळजळ होती, ते पान मी गुपचूप उलटलं. 'पंपिंग आयर्न'च्या चित्रावर मात्र बाबांनीच बोट ठेवलं.

"हा काय करून राह्यला?"

"लोखंड उचलून राह्यला, बाबा."

"कुठी नेते?"

"कुठीच नाई. उचलते अन् तिथीच ठेवते."

"अन् उद्या?"

"उद्याही तेच."

बाबांनी मासिक डोळ्यांजवळ नेलं. "बिचाऱ्याले कोणी काम देत नाई का?"

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. इंग्रजीत घामाचे एवढे लाड, आणि जन्मभर घाम गाळलेल्या माझ्या बापाला त्यातला एक शब्दही बसेना. 'वर्कआऊट'मध्ये वर्क होतं, तरी ते काम नव्हतं. मग ज्यांनी कामच केलं त्यांचं हृदय का थकलं? हे विचारायचं तरी कोणाला?

दुसऱ्या दिवशी बाबा चालायला निघाले आणि लगेच परत आले. शेजारच्या काकांनी त्यांचा हात धरून त्यांना आणलं होतं. आमच्याकडे जयभीम झाला की पाठोपाठ "कुठी चाल्ले, भाऊ?" हे ठरलेलंच. त्याला उत्तर द्यावं लागतं. ड्युटीवर, दवाखान्यात, मयतीला, काहीही. बाबांनी खरं ते सांगितलं, "कुठीच नाई." धडधाकट माणूस भरभर चाललाय आणि कुठेच चालला नाही! काकांनी आईला हळूच विचारलं, "भाऊच्या डोक्याले काई झालं का, बाई?"

त्यानंतर बाबा उंबरठा ओलांडेनात. "चालाले मी ना नाई म्हणत. पण जाऊ कुठी?"

मी भडकले. काकांवर, डॉक्टरांवर, बाबांवरही. मग नरमून म्हटलं, "स्टेशनवर जाऊन पॅसेंजर वेळेवर आहे का पाहून या." आमच्याकडे कोणीही यायचं नव्हतं. बाबा आनंदाने गेले आणि गाडीची खबर घेऊन आले. मग मी रोज एक काम शोधून काढू लागले आणि बाबा चालू लागले.

पण कामाला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतणार कसा? आधी कडुलिंबाच्या काड्या आल्या, मग कोणाचा तरी रॉकेलचा डबा, आणि एक दिवस जंगलाकडून सरपणाची मोळी आली. मी ओरडले, त्यांनी मान हलवली, आणि पुन्हा मोळी आली. तपासणीला डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "फिट ॲज अ फिडल!" मी मोळीचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुण चालण्याचा आला की ओझ्याचा? ते मला आजही कळलेलं नाही.

मग एका सकाळी बाबा परतलेच नाहीत. मी धावत सुटले. "कुठी चालली, बाई?" सगळे विचारत होते आणि मी कोणाला उत्तर देत नव्हते. रेल्वे फाटकापलीकडे रस्त्याच्या कडेला बाबा बसले होते. छातीवर हात, बाजूला मोळी.

"आज उचलवत नाई," ते ओशाळून म्हणाले.

त्यांच्याजवळ मी तशीच बसून राहिले. त्यांचा श्वास ठिकाणावर आल्यावर मोळी मीच डोक्यावर घेतली, ती टाकून ते उठले नसते. आम्ही सावकाश निघालो. बाबांचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

घराजवळ तेच काका समोर आले. "कुठी गेल्ते, भाऊ?"

मोळी समोर होती. सरपणाला, एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"कुठीच नाई," बाबा मोठ्याने म्हणाले. "पोरीले मी अजून पाह्यजे, म्हून चालून राह्यलो."

डोक्यावर ओझं होतं. मला मान वळवून त्यांच्याकडे पाहताही येईना.