विलायतेचा कौल

मी विलायतेला शिकायला जावं की नाही, हे ठरवायचा अधिकार आमच्या रहाटणी गावात मी सोडून सगळ्यांना होता.

पन्नास-साठ सालांदरम्यानची गोष्ट. पुण्यातलं कॉलेज संपवून मी घरी बसलो होतो आणि तिकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचं 'या' असं पत्र आलं होतं. होकाराचं पत्र लिहून मी खिशात ठेवलं होतं आणि ते पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला होता; त्या दिवशीच्या टपालानं गेलं नाही, तर जागा गेली! पण गावानं आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कान भरून ठेवले होते. पाटील म्हणाले, "पिंपरीत कारखाना निघालाय की! लांब कशापायी?" न्हाव्याच्या मते तिकडे गेलेला माणूस मडम घेऊनच परततो. (आबा दचकले. मी आशेनं ऐकत राहिलो!) आणि मला आईवेगळ्याला वाढवणारी आत्या दोन दिवस नीट जेवली नव्हती.

"तिकडं भाकर मिळती का?"

"पाव मिळतो."

"मग न्हाई जायचं!"

"जाणार!" मी ओरडलो. "पाव खाऊन राहीन, उपाशी राहीन, पण जाणार!"

"म्हसोबाला इचारू," आबा म्हणाले.

म्हणजे कौल. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्यातही आमच्या गावचा न्याय असा, की जाणाऱ्यानं डावं फूल लावायचं आणि अडवणाऱ्यानं उजवं. माझा देवावर विश्वास नव्हता, पण धोका पत्करायचीही तयारी नव्हती. मी डाव्या फुलाखाली ओला गूळ चेपला.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. सगळं गाव देवळात येऊन बसलं. तास झाला, फूल हलेना! टपाल घ्यायला आलेला पोस्टमनही सायकल भिंतीला टेकवून कौल बघत बसला.

"लईच इचारात पडलाय देव," गुरव म्हणाला.

"विलायतेचा मामला हाय. टाइम लागायचाच!" पाटील म्हणाले.

तेवढ्यात डाव्या खांद्यावर मुंग्यांची रांग चढली. मला दरदरून घाम फुटला. मग दुसरी रांग निघाली, ती उजव्या खांद्यावर! मी आत्याकडे पाहिलं. आत्या छपराकडे बघत होती.

"देवाला गूळ कुनी लावला रं?" आबा गरजले.

"मी!" मी ताडकन उभा राहिलो. "आणि मी जाणारच! दोन्ही फुलं देवानं तोंडावर फेकून मारली तरी जाणार!"

"उजव्याला म्या लावला," आत्या हळूच म्हणाली. "तू गेल्यावर हाक कुनाला मारू?"

एवढा वेळ गरजणारा मी तिच्याजवळ जाऊन बसलो. जीव तुटला माझा.

गुरवानं घसा खाकरला. "देव म्हनतोय, माज्या गळ्यात घालू नगा. तुमचं तुमी बघा."

आबा आत्याकडे बघत राहिले. तिनं पदराला चिकट बोटं पुसली आणि एकदम पोस्टमनवर डाफरली, "बसलायस काय? पत्र घे! पोराचं टपाल चुकंल!"

मी गेलो, शिकलो, परत आलो. (मडमेशिवाय! न्हावी शेवटपर्यंत नाराज होता.) पुढे माझ्या लेकीला परदेशातल्या कॉलेजचं पत्र आलं, तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "निर्णय तुझा तू घे. कुणाला विचारायचं नाही, देवालासुद्धा नाही!" आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप खिशात गूळ घालून म्हसोबाला गेलो. कुठल्या फुलाखाली चेपायचा ते काही केल्या ठरेना. शेवटी तिथंच बसून मीच खाल्ला.