डॅशबोर्डमागची हिरवी वायर

मोबाइलचा स्टँड बसवायला नवऱ्याने गाडीच्या डॅशबोर्डला ड्रिलने भोक पाडलं आणि हॉर्न बंद पडला. डोंबिवलीच्या रस्त्यांवर हॉर्नशिवाय गाडी काढायची सोय नाही. त्याने बॅटरीची वायर सोडवली, स्टिअरिंगखालचं पॅनेल उघडलं. आत एक हिरवी वायर तुटलेली दिसत होती, पण त्याचा हात तिथवर जाईना.

"तुझा हात बारीक आहे, तू बघतेस का?" तो म्हणाला.

मी स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवी झाले. तो टॉर्च धरून सांगत गेला, तशी मी दोन्ही टोकं सोलली, एकमेकांत पिळली आणि टेप गुंडाळली. बॅटरी पुन्हा जोडल्यावर हॉर्न दाबला, तर वाजला.

पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. "कोणाला बोलावतेस गं?"

"कोणाला नाही, काकू," म्हणत मी पुन्हा एकदा दाबला.