बिडवे सरांनी न पाहिलेली गुहा

चार मास्तर एकाच टेबलाभोवती पंधरा वर्षं चहा पीत बसले, की किस्से साचतातच. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण बदली झाली तरी ते सोबत येतात. जिंतूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी गणित शिकवायचो. माझ्याकडे साचलेल्यातले निम्मे किस्से एकट्या बिडवे सरांचे.

बिडवे सर भूगोलाचे, आणि त्यातही चुनखडकाच्या गुहांचे. पावसाचं पाणी हवेतला-मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जरासं आंबट होतं, खडकाच्या भेगांत शिरतं, चुनखडक विरघळवत आत मोठमोठी दालनं करतं. मग छतातून थेंब ठिबकतो आणि कणभर चुना मागं ठेवतो. एक खांब वरून खाली वाढतो, दुसरा खालून वर. हे सांगताना सरांचा आवाज कीर्तनाला उभं राहिल्यासारखा चढायचा. आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, तुमी बगितली का गुहा?"

आमचा जिल्हा पडला काळ्या दगडाचा, तिथं चुनखडकाची गुहा कुठली? "न्हाई," म्हणून सर खडू खाली ठेवायचे, आणि उरलेला तास कसाबसा उरकायचे. रिटायर व्हायच्या आधी एकदा तरी गुहा बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

*

दगड विरघळतो हे पोरांना पटेना, म्हणून सरांनी वर्गात गुळाची ढेप आणली. वर भोक पाडलेला डबा टांगला. पाणी ठिबकायला लागलं. "आता बगा, आधी भेग पडंल, मग पोकळी," असं म्हणून ते फळ्यावर आकृती काढायला वळले.

पाच मिनिटांनी मागं बघतात, तर ढेपेत मूठ जाईल एवढी पोकळी! वर्ग एकदम शांत, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली.

सर स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "निसर्गाला लाख वर्षं लागतेत. सातवी ब ला पाच मिनिटं."

*

चुनखडकावर आंबट पडलं की बारीक फसफसतं. त्यामुळं सरांच्या खिशात कायम लिंबू, आणि दिसेल त्या दगडावर ते पिळायचे. एकदा सेलूचं लग्न आटोपून आम्ही देवगाव फाट्यावर जिंतूरच्या एसटीची वाट बघत होतो. कडेला खडीचा ढीग होता. सरांनी लिंबू कापलं, चार दगडांवर पिळलं, वाकून कान लावला. काहीच नाही. नाराज होऊन त्यांनी फोडी भिरकावल्या, त्या जाऊन पडल्या बरोबर रस्त्याच्या मधोमध.

एसटी आली ती वीस हात अलीकडंच थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "फाट्यावर लिंबू कुणी टाकलं? आधी उचला."

"अहो, मी भूगोलाचा मास्तर हाय," सर म्हणाले.

"तुमी कुनीबी असा. उचला, मग गाडी हलंल."

सरांनी फोडी उचलून खिशात घातल्या. पुढं चारठाण्याला अख्खा बाजार गाडीत चढला, तरी सरांच्या शेजारची सीट जिंतूरपर्यंत रिकामी राहिली.

*

मग सरांनी प्रयोगशाळेतच खांब वाढवायला घेतला. दोन ग्लासांत धुण्याच्या सोड्याचं दाट पाणी, मधे लोकरीचा दोरा, खाली बशी. थेंब पडत राहिले की आठवड्यात दोऱ्याला पांढरा खांब लोंबतो. दोन आठवडे गेले, काही लोंबेना. सरांनी सोडा बदलला, दोरा बदलला. बेजार झाले.

तिसऱ्या आठवड्यात आमचा शिपाई रखमाजी आपणहून म्हणाला, "सर, त्या दोऱ्याला लय घान लोंबायलीय. मी रोज सकाळी पुसून घेतोय, पन किती दिवस पुसावं?"

सर रागावले नाहीत. रोज पुसलं म्हणजे दोऱ्याला रोज खांब धरत होता, याचाच त्यांना आनंद. त्या दिवशी स्टाफरूमचा चहा त्यांच्याकडून.

*

सहामाहीत चुनखडकावरच प्रश्न होता, कार्स्ट भूमिरूपे कोठे आढळतात? एका पोरानं लिहिलं, 'बिडवे सरांच्या तासाला.' सरांनी त्याला अर्धा मार्क दिला.

"अर्धा कामून?" मी विचारलं.

"आकृती काढली न्हाई त्यानं."

*

खऱ्या गुहेला जायचा बेत कितीदा ठरला आणि फिसकटला. एकदा नामांतराच्या आंदोलनात गाड्या बंद, एकदा मुलीचं बाळंतपण, एकदा सरांचाच टायफॉइड. शेवटी रिटायरमेंटच्या आधीच्या दिवाळीत आम्ही तिघांनी त्यांना धरून रेल्वेत बसवलं आणि आंध्रातल्या चुनखडकाच्या गुहेत नेलं.

आम्हाला वाटलं, आता हे दोन तास बोलणार. सर मात्र मान वर करून छतच बघत चालले. गाईड टॉर्च मारून खडकाच्या आकारांत हत्ती दाखवत होता, जटा दाखवत होता. सरांचं लक्षच नव्हतं. छतातून लोंबणाऱ्या एका खांबाखाली ते थांबले. बरोबर त्याच्या खाली गुडघ्याएवढा दुसरा खांब वर आला होता. त्याच्यावर ओणवे होऊन सर बघत राहिले. त्यांचे डोळे भरलेले दिसले.

तेवढ्यात वरून थेंब सुटला तो टप्पकन सरांच्या टकलावर. आम्ही खो खो हसलो. मी रुमाल काढून पुढं झालो.

"थांबा, हात लावू नका," सर म्हणाले.

मग डोकं जराही न हलवता ते हळूहळू खाली बसले, वाकले, टक्कल खालच्या खांबाच्या शेंड्यावर नेलं आणि थेंब त्यावर ओघळू दिला.

"त्याचा होता," म्हणाले.