पुतळेमास्तरांचं सांगलीतलं प्रदर्शन

पुतळेमास्तर कुणालाही भेटले की आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारत आणि मग नमस्कार करत. समोरच्यानं बोलायला तोंड उघडेपर्यंत हे त्याच्या पाठीमागे पोहोचलेले असत. डावा कान, मान, उजवा कान असं सगळं नीट बघून झालं की पुन्हा पुढं येऊन म्हणत, "हं, बोला." साताऱ्यात नव्यानंच बदलून आलेल्या एका फौजदाराभोवती त्यांनी भर बाजारात अशी चक्कर मारली, तेव्हा फौजदारही त्यांच्याबरोबर गोल फिरू लागला. दोन-तीन फेरे झाले. शेवटी भाजीवाल्या बाईनंच सांगितलं, "सायेब, गुमान उभं ऱ्हावा. मास्तर हायती ते. नाक-कान बघत्यात अन् जात्यात."

मास्तर मूळचे रहिमतपूरचे. साताऱ्यात एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी मातीचे अर्धपुतळे घडवून ते प्लास्टरमध्ये ओतायचे, म्हणून हे नाव. माझा तेव्हा साताऱ्यात फोटो स्टुडिओ होता. शाळा सुटली की मास्तर माझ्याकडे येत, गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसत आणि गिऱ्हाईक आलं तरी उठत नसत. मी काळं कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागे वाकलो की त्यांचा आवाज यायचा, "काढ गड्या, काढ. तुझ्या फोटोतल्या माणसाला पाठ नसती, पण त्याला सांगतंय कोण!" गिऱ्हाईक हसायचं, हलायचं, आणि माझी प्लेट फुकट जायची.

घरी मास्तरांचा सगळा संसार ओल्या गोणपाटाखाली. माती सुकून तडकू नये म्हणून अर्धवट झालेल्या प्रत्येक डोक्यावर ते सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत. वहिनी म्हणायच्या, "मुंडक्यांना दोन टाइम पाणी पाजत्यात. मी जेवले का उपाशी हाय, ते एकदा बी इचारलं न्हाई." एकदा त्यांचे कुणी पाहुणे पडवीत वामकुक्षीला आडवे झाले, आणि वाऱ्यानं गोणपाट सरकून शेजारी एक डोकं डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघू लागलं. ते पाहुणे पुन्हा मुक्कामाला आले नाहीत. मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या पाहुण्यांची हनुवटी त्यांना फारशी पसंत नव्हतीच.

हनुवटीवरून आठवलं. शाळेच्या हेडमास्तरांनी निवृत्तीआधी हौसेनं स्वतःचा पुतळा करवून घेतला. मास्तरांनी तो असा हुबेहूब केला की हेडमास्तरांचा चेहराच उतरला. हनुवटीखालच्या दुसऱ्या हनुवटीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही जरा कमी करता येईल का?" मास्तर म्हणाले, "येईल की सर. तुमी भात कमी करा, मी प्लास्टर कमी करतो." तो पुतळा शाळेत लागला नाही. मास्तरांच्या पडवीत वहिनी त्याच्यावर धुतलेल्या टोप्या वाळत घालत.

आमचं खरं भांडण पेन्सिलीवरून होतं. त्या काळी निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं काम करून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या घालवायची पद्धत होती. माझा हात त्यात चांगलाच बसला होता. हे मीच सांगतो, कारण सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. साठीची बाई माझ्या स्टुडिओतून चाळिशीची होऊन बाहेर पडायची. मास्तरांना ते अजिबात खपत नसे. "तू माणसांना इस्त्री करतोस," ते म्हणत. "उद्या तुझा फोटू समोर ठिवून कुणाचा पुतळा करायचा म्हणलं, तर मी काय भोपळा करू?" मी म्हणायचो, "तुमच्या पुतळ्यांना पाहुणे भितात. माझे फोटो लोक देवाशेजारी लावतात." मग चहा यायचा आणि भांडण दुसऱ्या दिवसावर जायचं.

असं भांडता भांडताच आमचं एकत्र प्रदर्शन भरवायचं ठरलं. त्यांचे अकरा पुतळे आणि माझे चाळीस फोटो. जागा मात्र सांगलीतल्या एका वाचनालयाचा हॉल. साताऱ्यात का नाही, असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, "हितं समदी आपल्या वळखीची. ती आपल्याला बघाय येणार, पुतळं कोण बघणार?"

त्या अकरांपैकी दहा पुतळे कोण पाहतं, काय म्हणतं, याची मास्तरांना फिकीर नव्हती. अकरावा वेगळा होता. माझ्या स्टुडिओच्या काचेच्या कपाटात एका तरण्या शिपायाचा फोटो लावलेला असे. रहिमतपूरजवळच्या एका वस्तीवरचा मुलगा. रजेवर आला होता, सोयरिकीसाठी मुलीच्या घरी द्यायला फोटो हवा म्हणून माझ्याकडे बसला आणि परत पलटणीत गेला. पासष्टच्या लढाईत तो पडला. मास्तरांनी त्याला कधी पाहिलेला नव्हता, पण बातमी कळल्यावर ते तो फोटो घेऊन गेले आणि पावसाळाभर त्यावर खपले. त्याच्या आईला त्यांनी कार्ड टाकून प्रदर्शनाला बोलावलं. मला म्हणाले, "बाकीचं दहा पुतळं लोकांसाठी. ह्यो एका बाईसाठी. ती व्हय म्हणली तर मी शिल्पकार. न्हाई म्हणली तर आपलं तक्त्यावर आंबं काढायचं अन् पोरांना रंगवाय लावायचं." हे मात्र ते हसत म्हणाले नाहीत.

पुतळे सांगलीला न्यायला मास्तरांनी एक ट्रक गाठला. तो सांगलीच्या बाजारातून हळद आणायला रिकामाच निघाला होता. मास्तरांनी सगळ्यांना वहिनींच्या गोधड्यांत गुंडाळलं आणि स्वतः मागे त्यांच्यात बसले. हळदीच्या रिकाम्या ट्रकातही हळद असते, हे आम्हा दोघा कलावंतांच्या ध्यानात आलं नाही. सांगलीत गोधड्या सोडल्या तेव्हा पांढरेशुभ्र पुतळे गालाला, कपाळाला पिवळे झाले होते, आणि मास्तर त्यांच्याहून पिवळे. हेडमास्तर तर थेट बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे दिसत होते. ती दुपार आम्ही ओल्या फडक्यांनी नवरदेव पुसण्यात घालवली.

मांडणीवरून पुन्हा जुंपली. माझे फोटो भिंतीवर आणि त्यांचे पुतळे मधे, असं ठरलं होतं. पण मास्तर बरोबर माझ्या चांगल्या फोटोसमोर एकेक पुतळा आणून उभा करत. पहिल्या दिवशी पन्नासेक माणसं आली. एकानं हेडमास्तरांच्या डोक्यावर छत्री अडकवली. एका गृहस्थांनी सबंध हॉल फिरून झाल्यावर प्रदर्शन नक्की कुठं आहे ते विचारलं. कुपवाडच्या एका ओतकाम कारखान्यातला कामगार मात्र तासभर रेंगाळला. पुतळ्यावर बोटानं टकटक करून म्हणाला, "मास्तर, साच्याचा जोड कुठं लपीवला वो?" मास्तरांनी हरखून त्याला कानामागची जागा दाखवली आणि मग त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माउली आली. बरोबर तिचा दीर होता. विटकं लुगडं, कपाळ मोकळं, हातात भाकरीचं गाठोडं. मास्तरांनी तिला कुणाचं नाव सांगितलं नाही, काही नाही. हाताला धरून तिला थेट त्या पुतळ्यासमोर उभं केलं आणि आपण दोन पावलं मागे सरले. बाई बघत राहिली. "टोपी हीच," ती म्हणाली. "कान त्येचंच." मास्तरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग तिनं गाठोडं दिराकडे दिलं, दोन्ही हात पुढं केले आणि पुतळ्याचे गाल चाचपले. एकदा चाचपले, पुन्हा चाचपले, आणि हात मागे घेतले.

"ह्यो माझा न्हवं," ती म्हणाली.

हॉलमधली दहा-बारा माणसं जवळ सरकली. मास्तरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. बाई जणू त्यांचीच समजूत काढत म्हणाली, "लय चांगला केलाय वो मास्तर. पर माझ्या लेकाच्या गालाला देवीचं वण हुतं. हाताला लागायचं."

वण होते. कॅमेऱ्याच्या काचेवर मी ते पाहिले होते आणि नंतर दोन तास बसून एकेक पुसला होता, मुलीकडच्यांना मुलगा पसंत पडावा म्हणून. मला कुणी तसं सांगितलंही नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं हे मला दिसलं. आयुष्यभर मला टोमणे मारणाऱ्या या माणसाला त्या वेळी नुसतं माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं. ते म्हणाले, "चुकी माझी हाय, आई. मी न बघता हात चालीवला."

तेव्हा मला राहवेना. मी पुढं होऊन सांगितलं, "मावशी, मास्तरांची चूक नाही. फोटोतले वण मी पुसले."

"का रं पुसलंस?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "पोरीनं तर त्येला जत्रंत बघितला हुता. तिला तसाच चालत हुता की. चार वर्साचा असताना देवी आल्या, गावातली सात पोरं गेली. ह्यो ऱ्हायला. त्या खुणा म्हंजी त्यो जगला हुता."

"पण तुमच्याकडे फोटो होता ना? तेव्हा नाही दिसलं?" मी कसंबसं म्हणालो.

"फोटूला हात लावला तर काच लागती, बाबा."

मास्तरांनी पिशवीतून बारीक कोरणी काढली. बाईसाठी खुर्ची मागवली, पुतळा तिच्यासमोर खाली उतरवून ठेवला आणि स्वतः फरशीवर मांडी घातली. "आई, डोळं मिटा," ते म्हणाले. "अन् बोट ठिवा. बोट ठिवाल तितं मी करतो." बाईनं डोळे मिटले. तिचं बोट गालावर फिरायचं, एका जागी थांबायचं, आणि मास्तर तिथं कोरणी टेकवून अलगद फिरवायचे. "आजून खोल," ती म्हणायची. "ह्यो न्हाई, त्येच्या खाली. नाकाच्या शेजारचा मोठा." कुणी घरी गेलं नाही. छत्री अडकवणारे गृहस्थ आजही आले होते, ते छत्री पोटाशी धरून उभे होते. दिवे लागायच्या सुमाराला बाईनं पुन्हा दोन्ही तळवे गालांवर ठेवले आणि ते तिथंच ठेवून रडायला लागली. इतका वेळ ती रडलीच नव्हती. मास्तरही रडले आणि मीही रडलो.

रात्री तिनं वाचनालयाच्या शिपायाच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी पुतळा घेऊन जाणार म्हणून सांगितलं. प्रदर्शनाचे दोन दिवस बाकी होते, आणि हाच एक पुतळा बघायला आता माणसं येणार होती. दोन दिवस तो इथंच ठेवून घ्यावा, असं मी मास्तरांना सुचवून बघितलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी गोधडी आणायला गेलो.

स्टँडवर कंडक्टरनं पुतळा टपावर टाकायला सांगितला. बाई ऐकेना. ती खिडकीशी बसली आणि तिनं गोधडीसकट त्याला मांडीवर घेतलं. "मावशी, कराडला गाडी बदलायची हाय, वज्जं लय हाय," कंडक्टर म्हणाला, "पाय जातील कामातनं."

"जाऊंद्यात," ती म्हणाली. "सरकारनं तार धाडली. त्येची पेटी धाडली, कापडं धाडली. त्योच तेवढा आला न्हवता."

कंडक्टरनं घंटी मारली.

हॉलवर परत आल्यावर मी त्या पुतळ्याचं रिकामं स्टूल उचलायला गेलो, तर मास्तर अंगावर आले. "ऱ्हाऊ दे तितंच." मग पुढचे दोन दिवस दहा पुतळ्यांच्या मधोमध ते स्टूल तसंच उभं होतं, खाली नावाची चिठ्ठी आणि वर काहीच नाही. लोक येत, थांबत, वाकून चिठ्ठी वाचत आणि विचारत, "इथला कुठं गेला?"

मास्तर सांगत, "त्यो घरी गेला."