गार्गीची व्हायवा आणि काळी पडणारी स्क्रीन

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमधून आज दुपारी माझ्या धाकट्या बहिणीची, गार्गीची, पीएचडीची ऑनलाइन व्हायवा होती. कॉम्प्युटर नवा, मीच पार्ट्स आणून जोडलेला. आणि तो पहिल्या दिवसापासून मधूनच बंद पडतोय. विंडोज पुन्हा टाकलं, ड्रायव्हर बदलले, काही उपयोग नाही.

आज सकाळी तिने स्लाइड्स उघडल्या आणि स्क्रीन परत काळी.

"ताई, परीक्षकांसमोर असं झालं तर?" ती रडवेली झाली.

बाबा शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागायला गेले आणि हात हलवत परत आले. शेजारी तो ऑफिसला घेऊन गेले होते.

मी कॅबिनेट उघडलं. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून मशीन सुरू केलं. थोड्या वेळात पुन्हा बंद. मग काढलेली पट्टी परत लावली आणि दुसरी काढली. स्लाइड्स, व्हिडिओ कॉल, सगळं एकदम चालवून बघितलं. चाललं! म्हणजे बिघाड त्या दुसऱ्या पट्टीतच असावा. पण किती वेळ चालेल, कोण सांगणार?

व्हायवा सुरू झाली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी खाली फरशीवर बसून नुसता कॅबिनेटच्या पंख्याचा आवाज ऐकत होते. तिची उत्तरं कानात शिरलीच नाहीत.

शेवटी पलीकडून आवाज आला, "बधाई हो, डॉक्टर साहिबा!"

गार्गीने कॉल बंद केला आणि ती माझ्याकडे वळली. "ताई, यार, आता तरी श्वास घे."

आपल्या हाताने केलेली वस्तू आपल्याच माणसाला ऐन वेळी दगा देईल, या भीतीने तुम्ही कधी असे बसून राहिलायत का?