नागम्माच्या नावाची शिसपेन्सिल

म्हातारपणापर्यंत नागम्माला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी भेटलं नाही. आधी ती पोरगी होती, मग सून झाली, मग मल्लिनाथची अव्वा, म्हणजे आई. डोक्यावर खणांचं गाठोडं घेऊन तिनं बेंबळीपासूनचे सगळे बाजार पालथे घातले, तेव्हा कुठं धाराशिवात कापडाचं दुकान उभं राहिलं. पाटीवर नाव लागलं ते मात्र वीरभद्राचं. देवाशी कोण भांडणार?

पुढं समोरच दुसरं दुकान निघालं आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. मल्लिनाथची झोप उडाली. मग त्यानं शक्कल काढली: कापड घेणाऱ्याच्या पोराला एक शिसपेन्सिल फुकट द्यायची. पोरगं शाळेत लिहील आणि दुकानाचं नाव गावोगाव जाईल. हैदराबादहून कोऱ्या पेन्सिली आल्या. निजामाच्या कचेरीची दप्तरं बांधणारा बशीर जिल्दसाज लाकडाच्या खाचेत पेन्सिल बसवी, वर सोनेरी वर्ख ठेवी आणि शेगडीवर तापवलेला पितळी ठसा नेमका दाबी. या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं झळकत: श्री वीरभद्र कापड दुकान.

पेन्सिली हातोहात गेल्या, पण एकाही पोराच्या हातात दिसेनात. शेवटी बेंबळीच्या कडूबाईनं भर दुकानात सांगून टाकलं, "देव्हाऱ्यात ठिवलीया, अण्णा. देवाच्या नावाला चाकू कसा लावू?"

घरोघर हीच तऱ्हा. मल्लिनाथच्या जाहिरातीला रोज हळदकुंकू वाहिलं जात होतं. बशीरला हसू आवरेना. मल्लिनाथनं कपाळाला हात लावला. "मग माझंच नाव घाल," तो म्हणाला, तशी त्याची बायको दारामागं मुसमुसायला लागली. जित्या माणसाचं नाव तासलं की आयुष्य झिजतं म्हणे.

"माजं घाला," नागम्मा म्हणाली.

"अव्वा, काय बोलता हे?" मल्लिनाथ म्हणाला.

"म्या लई जगले. माज्या झिजण्यातनं पोरांची चार अक्षरं व्हत असतील तर झिजू दे की."

मल्लिनाथ आधी ऐकेना. पण दुकान बुडत होतं, आणि अव्वाच्या हट्टापुढं त्याचं कधी चाललं नव्हतं. बशीरनं नवा ठसा करवून घेतला. पहिली पेन्सिल त्यानं तिच्याच हातावर ठेवली. "अम्मा, ये तुमचं नाव." तिला वाचता येत नव्हतं. ती कितीतरी वेळ अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

कडूबाईनं मात्र नाव ऐकताच पेन्सिल खाली ठेवली. "तुमी समोर बसलाव, अन् तुमचं नाव कापू व्हय?"

नागम्मानं चाकू घेतला आणि सगळ्यांदेखत आपलंच नाव तासायला घेतलं. पहिलं अक्षर सालपटासंगं मांडीवर पडलं. मल्लिनाथनं तोंड फिरवलं. "बघ, हाय का न्हाय म्या?" ती म्हणाली आणि टोक काढून पेन्सिल कडूबाईच्या लेकीला दिली.

तेव्हापासून पेन्सिल घ्यायची ती अव्वाच्या हातून तासूनच, अशी रीत पडली. समोरच्या दुकानात कापड सरस होतं, पण तिथं नागम्मा नव्हती. खेड्यातल्या बायका आता कापड घ्यायला जात नसत, "नागम्माकडं" जात. एवढ्या वर्षांनी आपलं नाव चारचौघांच्या तोंडून ऐकताना म्हातारी लाजायची.

चार-पाच वर्षांनी ती गेली. डबाभर पेन्सिली उरल्या होत्या. मल्लिनाथनं त्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. गिऱ्हाइकानं मागितल्या की संपल्या म्हणायचा. पण खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.

कडूबाईनं ते ओळखलं. "काढा त्या," ती म्हणाली. त्यानं डबा काढला. तिनं एक पेन्सिल उचलली, चाकू मागून घेतला, आणि नागम्माचं नाव तासायला घेतलं.

"अव्वानी नाव ठिवायला न्हाई दिलं, अण्णा," ती म्हणाली. "लिवायला दिलंय."

मल्लिनाथ लहान पोरासारखा रडला. मग त्यानं डबा उचलला आणि गल्ल्याशेजारी उघडा करून ठेवला.