माशीची काठी

देवासच्या कृष्णरावांनी जन्मभर मासे धरायच्या काठ्या बनवल्या, आणि स्वतः मासा कधी तोंडात घातला नाही. आता बोला! त्यांच्या काठ्या गिऱ्हाइकांना पसंत पडायच्या. पण तीन वर्षांपूर्वी धारच्या भैयासाहेबांनी त्यांची एक काठी हलवून पाहिली आणि खाली ठेवली. "दिसायला देखणी, कृष्णराव. फेकीला मात्र मुसळ." या मुलुखात काठीतलं खरं कळणारा हा एकच माणूस, आणि त्याने असं म्हणावं? म्हातारा पार खचला.

मग त्यांनी पुन्हा बांबू चिरायला घेतला. सहा बारीक कांबी तासल्या, चिकटवल्या, वर रेशमी दोरा गुंडाळला आणि दोन तुकड्यांची काठी केली. पिसांची खोटी माशी दोरीला बांधून लांब पाण्यावर फेकायची, त्यासाठी ही काठी. शेंड्यापासून मुठीपर्यंत ती एकसारखी वाकली पाहिजे आणि फेकल्यावर शेंडा लगेच थांबला पाहिजे. तोवर मेला हात कापायला लागलेला. दोरा सुटायचा, पुन्हा गुंडाळायचा. ही शेवटचीच, हे त्यांना कळून चुकलं होतं. अखेर गच्चीवर फेकून पाहिली, तर माशी मनात धरलेल्या फरशीवर अलगद बसली. कृष्णरावांना रडूच आलं. त्यांनी भैयासाहेबांना रविवारचं बोलावणं केलं, काठी पिशवीत घातली आणि वर चिठ्ठी लावली: माशीची काठी.

सून विनीता हिंदी शाळेत शिकलेली, मराठी वाचायची ती अडखळत. तिच्या माहेरी मावशीला मासी म्हणतात. तिची यमुनामासी गुडघे दाखवायला कन्नौदहून आली होती. शुक्रवारी ती परत निघाली तेव्हा कृष्णराव बाजारात गेलेले. विनीताने चिठ्ठी वाचली आणि तिला गहिवरून आलं. "बाबांनी मासीसाठी काठी बनवून ठेवली, अन् बोलले पण नाही!" तिने पिशवी मासीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंचा फोन आला. "व्याहीबुवा, माझ्यासाठी इतकं कोणी केलं नव्हतं हो. जाडा तुकडा सुताराकडून माझ्या मापाचा कापून घेतला, खाली रबर बसवलं. बारका फार लवत होता, तो गड्याने वासरं हाकायला नेला."

कृष्णरावांनी मान वर केली. समोर विनीता कौतुकाने हसत उभी. त्या पोरीला काय बोलणार, कपाळ? "जपून चाला," एवढंच ते फोनवर म्हणाले.

रविवारी भैयासाहेब वेळेवर आले. "काढा, कृष्णराव. बघू तरी."

विनीता चहा देऊन तिथेच उभी होती. "झाली नाही," कृष्णराव म्हणाले.

भैयासाहेबांनी त्यांच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. चहा बशीत सांडत होता. "मला वाटलंच होतं," ते हळूच म्हणाले. "आता हात चालत नाही तुमचा."

"नाही चालत," कृष्णराव म्हणाले.